सोडलेला नंबर

१

सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गोपाळराव सबनीस बरोबर साडेदहाला कामावर बसले. फरक इतकाच, की कचेरी आता नानाखेड्यातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत भरत होती, साहेब कोणी नव्हता, आणि चहा घंटी न वाजवता मिळत होता. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि महाकालाची तसबीर मिळाली; ती सगळ्यांनाच मिळते. पण शिपायाने जाता जाता एक कोरं जावक रजिस्टर हळूच त्यांच्या पिशवीत सरकवलं. लाल कापडी पुठ्ठा, जाड कागद, एका पानावर वीस ओळी. "बाबूजी, अब इसे कौन पूछता है, सब कम्प्यूटर पे है." चाळीस वर्षांत ज्याने सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नाही, त्या माणसाने ते रजिस्टर निमूट घरी नेलं.

त्यात ते शब्द नोंदवू लागले. इंग्रजी शब्द, शक्यतो लांबलचक, आणि तेही वाटेल ते नव्हेत. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात हजर आहेत आणि एकही दोनदा आलेला नाही, असेच. सबनीस म्हणजे मुळात शिंद्यांच्या फौजेची हजेरी लिहिणारे. घोडे किती, माणसं किती, कोण आलं, कोणाच्या नावावर दुसराच उभा राहिला. फौज गेली, घोडे गेले. हजेरी घेण्याची खाज तेवढी रक्तात उरली.

पहिला शब्द 'एज्युकेशन', अर्थ शिक्षण. सगळ्यांना माहीत असतो म्हणून पहिला मान. मग 'अनसोशिएबल', अर्थ माणूसघाणा. मग 'सबकॉन्टिनेंटल', उपखंडासंबंधी. यात पाचही स्वर उलट्या रांगेत उभे असतात. आणि पंधरा अक्षरांचा 'अनकॉम्प्लिमेंटरी', अर्थ कौतुकाचे नसलेले. समोर गोपाळरावांनी लिहिलं होतं, 'जसे साहेबाचे गोपनीय शेरे'. रोज एक शब्द. रविवारी आणि सणासुदीला रजिस्टर बंद. श्रावणात महाकालाच्या सवारीच्या, म्हणजे पालखीच्या, सोमवारी स्थानिक सुट्टी.

"लोक रिटायर होऊन फिरायला जातात," जयू, म्हणजे त्यांची बायको, गोभी चिरता चिरता म्हणे, "आमचे हे हजेरी घेऊन राहिलेत. कोबीची!"

"कोबीची नाही. कॉलिफ्लॉवरची. कोबीत पाच भरत नाहीत."

"मग आज भाजीत पण पाचच फुलं वाढते."

मुलगी मृणाल लग्न होऊन इंदूरला गेल्यापासून घरात ही दोघंच. जयू त्यांना 'अहो' म्हणे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण त्या हाकेला ओ देणारा घरात एकच इसम असल्यामुळे कधी घोटाळा झाला नव्हता.

रजिस्टरचे रकाने पाच: क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, शेरा. विषयात शब्द, शेऱ्यात अर्थ. 'कोणास' हा रकाना कायम कोरा. शब्द कोणाला पाठवणार?

आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ सोडलेली. ही मात्र सवय होती. नोकरीला लागले तेव्हाचे बडेबाबू भय्यासाहेब यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "गोपाळ, एक नंबर छोडके चल. उद्या साहेबाला मागच्या तारखेचं पत्र काढायचं झालं तर जागा पाहिजे. कागद कधी लिहिला ते महत्त्वाचं नाही. जावक नंबर पडला, की ते पत्र त्या तारखेला गेलेलंच असतं."

असा एक सोडलेला नंबर गोपाळरावांनी स्वतः भरला होता. कोणा निवृत्त मास्तराला दिलेली नोटीस. मास्तर खिडकीशी येऊन म्हणाला, मला तर मिळालीच नाही. गोपाळरावांनी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे फिरवलं. मास्तराने ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "म्हणजे मिळाली असेल. मीच विसरलो असेन." आणि गेला. पुढे त्याचं काय झालं, हे जावक शाखेला कळायचं कारण नव्हतं.

२

ऑगस्टातल्या एका मंगळवारी त्यांना 'न्यूमोनिया' नोंदवायचा होता. हा आधी येऊन गेला की काय अशी शंका आली, म्हणून ते पानं उलटी चाळू लागले. सातव्या पानाच्या तळाशी हात थांबला. क्रमांक १४०. सोडलेला नंबर. भरलेला होता.

विषयाच्या रकान्यात काही नव्हतं. 'कोणास' कोरा. फक्त शेरा:

'दोघांच्या घरात दाराशी तिसऱ्याच्या चपला असणे, व त्या कोणालाही न खटकणे.'

अक्षर त्यांचंच. 'ख'ची शेपटी, शेवटी एका दमात ओढलेली शिरोरेघ, सगळं. शाई वाळून जुनी झालेली, १३९ आणि १४१ इतकीच जुनी. समोरच्या पानावर तिचा फिकट ठसासुद्धा उमटला होता.

माणसाची बुद्धी कशी चालते पाहा. घाम फुटण्याऐवजी गोपाळरावांना आधी राग आला तो शब्द नसल्याचा. अर्थ आहे आणि शब्द नाही, म्हणजे शेरा आहे आणि कागदच नाही. तासभर त्यांनी दोन्ही जाडे शब्दकोश धुंडाळले. पाच स्वरांचा, चपलांच्या अर्थाचा एकही शब्द इंग्रजांनी केलेला नव्हता. त्याऐवजी सापडला तो 'पर्टर्बेशन': मनाची चलबिचल, तसंच, न दिसणाऱ्या एखाद्या ग्रहाच्या ओढीने दुसऱ्या ग्रहाच्या वाटेला पडणारा बाक. वेधशाळेच्या गावात राहून हा आजवर कसा सुटला, असं म्हणत त्यांनी तो 'न्यूमोनिया'च्या जागी नोंदवून टाकला. मग उठले आणि, सहज जातो आहोत असं स्वतःला भासवत, दारापर्यंत गेले.

चपलांचे तीन जोड होते.

जयूच्या निळ्या पट्ट्याच्या. त्यांच्या स्वतःच्या, डाव्या टाचेला झिजलेल्या. आणि भिंतीकडे, अगदी सरळ रेषेत ठेवलेल्या, तपकिरी कातडी चपला. अरुंद. अंगठ्याची जागा वापरून काळीभोर झालेली. अशी जागा काळी व्हायला वर्षं लागतात.

"जयू, या कोणाच्या?"

ती पदराला हात पुसत आली. चपलांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "कोणाच्या म्हणजे? तिथेच तर असतात."

"कधीपासून?"

"अहो, तुम्ही पण ना!" ती हसली. "उभेच आहात तर भेंडी घेऊन या. जून नको. मागच्या वेळी दोरखंड आणले होते."

ते भेंडी घेऊन आले. कोवळी आणली. परत आले तेव्हा तपकिरी चपला थोड्या पुढे आलेल्या होत्या आणि त्यांच्या तळांना ओली माती होती.

३

त्याच दुपारी त्यांनी सगळे सोडलेले नंबर बोट ठेवून तपासले. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. एकशेचाळीस सोडून सगळे कोरे. म्हणजे मीच कधीतरी झोपेच्या गुंगीत लिहिलं असेल, असं त्यांनी ठरवलं. चपला गॅसवाल्याच्या असतील. जयू थट्टा करत असेल. प्रत्येक कारण एकटं उभं केलं तर उभं राहत होतं. तिन्ही एकत्र केली की पडत होती.

गुरुवारी ऐंशी भरलेला होता.

'मागच्या खोलीत कोणी झोपले असता घरात आवाज लहान करणे.'

मागच्या खोलीत झोपायला जागाच नव्हती. तिथे दिवाळीच्या फराळाचे डबे, मृणालची जुनी सायकल, पत्र्याची ट्रंक, एक उभी करून ठेवलेली खाट आणि तिच्यावर लटकवलेल्या गोधड्या होत्या. ट्रंकेत, चांगल्या पाहुण्यांसाठी म्हणून, भैरवगढची लाल छापाची चादर वीस वर्षं पडून होती. चांगला पाहुणा अजून आला नव्हता.

दुपारी तीनला जयू टीव्हीवर आपली मालिका लावते. तिचा आवाज नेहमी तीन घरं ऐकू जाईल इतका. गोपाळराव पुढच्या खोलीतून ओरडून ओरडून थकलेले. त्या दिवशी घर गप्प होतं. ते आत गेले तर टीव्ही चालू होता, माणसं तोंडं हलवून भांडत होती, आणि जयू पडद्यापासून हातभर अंतरावर वेताच्या मोढ्यावर बसून ऐकत होती.

"आवाज का बंद केलास?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच कुठे डोळा लागलाय."

"कोणाचा?"

तिने मान वळवली. गोपाळरावांना ती नजर ओळखीची वाटली. तिचे वडील शेवटच्या वर्षी 'हे कोणाचं घर आहे' असं विचारायचे, तेव्हा ती त्यांच्याकडे अशी पाहायची. राग नाही, चेष्टा नाही. नुसती मोजत असल्यासारखी.

"काय हो," ती म्हणाली, "तब्येत तर बरी आहे ना?"

ते बोळीतून मागच्या खोलीपर्यंत गेले. दार ओढून घेतलेलं. आत पंखा चालला होता. त्या पंख्याच्या एका पात्याला खोक होती, दर फेऱ्याला एकदा टक् व्हायचं. म्हणून तर तो बंद ठेवला होता. टक्. टक्. मध्येच खाट कुरकुरली. या कुशीवरून त्या कुशीवर जाताना कुरकुरते तशी, आणि मग एक लांब श्वास.

मांजर, गोपाळरावांनी स्वतःला सांगितलं. मांजर पंखा लावत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून आतली जमीन आणि खाटेवरून लोंबणारी एक कड दिसत होती. लाल. भैरवगढच्या छापाची.

त्यांनी कडीला हात लावला नाही. चाळीस वर्षांत एक गोष्ट ते शिकले होते: जे कागद उघडले जात नाहीत, त्यांवर निर्णय घ्यावा लागत नाही.

४

शनिवारी दोनशे भरलेला होता.

'तिसऱ्यास घरातील सर्व ओळखतात. एकास ओळखता येत नाही. त्यावर कार्यवाही सुरू आहे.'

रविवारी सकाळी मृणाल आली. एकटीच, जावयाला न आणता, बसने. इंदूरहून ती अशी अचानक आली ती याआधी फक्त आजोबांच्या वेळी.

"बाबा, चिंता करायची नाही," ती बसायच्या आधीच म्हणाली. "आईने फोन केला होता. होतं असं या वयात. एक डॉक्टर आहेत, ते नुसते प्रश्न विचारतात. आज तारीख काय, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा."

"मी त्यांना पाच स्वरांचे दोनशे शब्द सांगतो."

"तेच नका सांगू, प्लीज." ती हसली, पण डोळे पाण्याने भरले. "काही दिवस आमच्याकडे चला. तपासण्या होऊन जातील. आई इथे बघेल सगळं. एकटी तर नाही ना ती."

एकटी नाही. गोपाळरावांनी हे वाक्य मनात नोंदवलं.

जयूने पोहे आणले. तीन बशा या तिघांना, चौथी ताटाने झाकलेली. मृणालने स्वतःची बशी बाजूला ठेवली, चौथीवर शेव भुरभुरली, जिरावणाचा मसाला टाकला, सवयीने, किती टाकायचं हे ठाऊक असल्यासारखं, आणि ती घेऊन बोळीत गेली. दार उघडल्याचा आवाज. पंख्याची टक्. मग तिचं हसणं. लहानपणी ती असं हसायची. कोणाचा दुसरा आवाज ऐकू आला नाही. पण मध्ये मध्ये ती थांबत होती, एखाद्याचं बोलणं ऐकताना थांबतो तितकंच.

बशी रिकामी घेऊन ती परत आली.

गोपाळरावांच्या जिभेवर प्रश्न होता. एका शब्दाचा, दोन अक्षरी. कोण? पण तो विचारला, की झालं. डॉक्टर, इंदूर, आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि इथे या घरात जयू, त्या तपकिरी चपला आणि जे कोणी त्या घालतं ते. घर सोडायला त्यांची हरकत नव्हती. विटा-मातीचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. पण जयूला त्याच्याबरोबर ठेवून जायचं?

"बाबा," मृणालने त्यांचा हात धरला, "खरं सांगा. आत कोण आहे ते आठवतंय ना?"

दोघी त्यांच्याकडे पाहत होत्या. बोळीतून पंख्याचा आवाज येत होता.

"हो, हो," ते म्हणाले. "परवा जरा... मीच विसरलो असेन."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे वाक्य त्यांचं नाही. त्यांनी ते ऐकलं होतं. खिडकीच्या आतल्या बाजूने.

५

कारकुनाला भुताखेताशी लढता येत नाही, पण नोंद फिरवता येते. सोमवारी, सवारीची सुट्टी असूनही, साडेदहाला गोपाळरावांनी पेनात शाई भरली आणि खरं तर वर्षापूर्वीच करायचं ते काम केलं. एकेका कोऱ्या ओळीवर तिरकी रेघ ओढली, 'रद्द' लिहिलं, खाली सही. वीस. चाळीस. साठ. शंभर. एकशेवीस. एकशेसाठ. एकशेऐंशी. दोनशेवीस. पान उलटताना दर वेळी वाटे, हाही भरलेला निघाला तर? निघाला नाही.

दोनशेचाळीसवर ते थांबले. नंबर पडला की पत्र त्या तारखेला गेलेलंच असतं, हा नियम जर त्या तिसऱ्याला लागू होता, तर तो सबनिसांनाही लागू होता. त्यांनी तर तो नियम चाळीस वर्षं पोसला होता.

त्यांच्या या नोंदीला शब्दही होता. दोन शब्दांचा एक तुकडा कधीचा राखून ठेवला होता: 'ओ रेव्हॉर'. मूळचा फ्रेंच, पण इंग्रज आपलाच समजून वापरतात. लांबी जेमतेम, हजेरी पूर्ण. निरोप घेताना म्हणतात. शब्दशः अर्थ, पुन्हा भेट होईपर्यंत. हा शब्दशः अर्थ त्यांना तितकासा आवडला नाही, म्हणून लिहिला नाही. विषयाच्या रकान्यात शब्द घातला, शेजारी जुलैची तारीख टाकली, आणि शेऱ्यात सरकारी वळणाने लिहिलं:

'या घरात पूर्वीप्रमाणे दोनच माणसे राहतात. तिसरे जे कोणी असेल, त्यास निरोप देण्यात येत आहे.'

सही. टीपकागद.

'कोणास' हा रकाना कोरा राहिला. तो नेहमीच कोरा असे. हात सवयीने त्याच्यावरून पुढे गेला. चालू पानावर दोनशेअठ्ठावन्नपर्यंत शब्द झाले होते. शेवटची ओळ, दोनशेसाठ, तीसुद्धा हाताने तशीच सोडली. इतकं सगळं पाहूनही. सवय ही अशी चीज आहे.

६

मंगळवारी सकाळी पंखा बंद होता.

गोपाळराव बोळीत उभे राहून ऐकत राहिले. टक् नाही, कुरकुर नाही. मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत ट्रंक, डबे, सायकल, भिंतीला उभी केलेली खाट. स्वयंपाकघरात जयू भांडी आपटत मोठ्याने आरती म्हणत होती. टीव्हीवर कोणीतरी बातम्या ओरडत होतं. इतका सुंदर गोंगाट त्यांनी वर्षभरात ऐकला नव्हता.

"जरा जाऊन येतो गं," ते म्हणाले. ती आरतीत होती. चपला शोधत बसले नाहीत. दाराकडे बघायचीच अजून हिंमत होत नव्हती. आतल्या रबरी सपाता घालूनच निघाले, चौकापर्यंत चालले, जिलबी घेतली, ओळखीच्या बाकावर बसून तिथेच दोन कडी खाल्ली. महाकालाला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता, हॉर्न वाजत होते. घड्याळात पाहिलं तेव्हा साडेअकरा. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते कामाच्या वेळेला जागेवर नव्हते. एक दिवस गैरहजर, ते स्वतःशी हसले.

घरी आले तेव्हा जयू टेबलावर पानं मांडत होती. दोन पानं. त्यांनी मोजली. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले.

"जिलबी आणलीय," ते म्हणाले आणि पुडा टेबलावर ठेवला.

जयूने पुड्याच्या बाजूने हात घालून मिठाची बरणी उचलली. रागावली असेल. सांगून गेलो तरी ऐकलं नसेल. ते खुर्चीत बसणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हां मृणाल, बोल. हो गं, छान आहेत आता. काल रात्री शांत झोपले. आज तर साडेदहाला बसले पण आपल्या रजिस्टरला. सगळं ओळखून राहिलेत." ती हसली. "नाही नाही, दुसरं कोण असणार? आम्ही दोघंच तर असतो."

गोपाळराव उभेच राहिले. मग वळून दारापाशी गेले. सकाळी ज्या मोजायच्या राहिल्या होत्या त्या चपला त्यांनी आता मोजल्या. जोड दोनच होते. जयूच्या निळ्या पट्ट्याच्या. आणि भिंतीकडे, अगदी सरळ रेषेत, तपकिरी.

पुढच्या खोलीत रजिस्टर उघडं होतं. क्रमांक २५९, आजची तारीख. विषय: 'ऑथोराइझ'. शेरा: 'मान्यता देणे, अधिकृत ठरवणे'. 'ख' यात नव्हता, पण शिरोरेघ एका दमात ओढलेली. शाई अजून ओली होती. पेन टोपण न लावता ठेवलेलं, आणि खुर्ची मागे सरकवलेली, माणूस हात धुवायला उठतो तेव्हा सरकते तितकीच.

खाली दोनशेसाठ. कोरी ओळ. एकच उरली होती, ती त्यांनी सोडली होती म्हणून.

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. पेन उचललं. या वेळी चूक नको. आधी 'कोणास'. स्वतःचं नाव घालायचं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, म्हणजे घरातल्या दोघांतला एक कोण हे कायमचं ठरेल. निब कागदावर टेकलं. चाळीस वर्षं हजारो लोकांची नावं त्यांनी या रकान्यात लिहिली होती. पाच स्वरांचे अडीचशे शब्द, त्यांच्या अक्षरांच्या संख्येसकट, त्यांना पाठ होते. आत्ताही ते ओळीने डोळ्यांपुढून गेले, एज्युकेशन, अनसोशिएबल, पर्टर्बेशन. ते सगळे जाऊ दिले आणि नावाची वाट पाहिली. निबाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बोळीत मोरीचा नळ बंद झाला. पंच्याला हात पुसल्याचा आवाज. दाराच्या फटीतून, चालताना क्षणभर, त्यांना एक हात दिसला, खाली सोडलेला. मधल्या बोटाच्या पेराला शाईचा निळा डाग होता. गोपाळरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"अहो!" स्वयंपाकघरातून जयूने हाक मारली. "येताय ना? पान वाढलंय."

"आलो," गोपाळराव म्हणाले.

"आलो," त्याच क्षणी बोळीतून कोणीतरी म्हणालं.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग वाढण्याचा. मग जयूचं बोलणं, नेहमीचं, भेंडी जून असल्याबद्दल.